पुणे महापालिकेचे सहभागी अंदाजपत्रक: सेवा म्हणून कसे आहे?

आपल्या गल्लीतील काम महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची सोय पुणेकरांना 2006 पासून आहे, आणि पुढे ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने आलेल्या सोयींपेक्षा मला हीच अधिक मोलाची वाटते. ठरलेल्या मुदतीत अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो. पदपथ, पथदिवे, बाकडी, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी कामे त्यात सुचवता येतात.

हा अर्ज नेमकेपणाची मागणी करतो, हे त्याचे मोठे बळ आहे. ‘आमच्याकडे अंधार असतो’ एवढे लिहून भागत नाही. दिवा कोणत्या दोन खांबांच्या मध्ये हवा हे सांगायचे, तर संध्याकाळी तेथे जाऊन उभे राहावे लागते, शेजाऱ्यांना विचारावे लागते, आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईंना नेमके कुठे भय वाटते हे त्या विचारण्यातूनच कळते.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत पुणे दुसरे आले. त्या प्रस्तावासाठी नागरिकांची मते मोठ्या प्रमाणावर मागवली गेली होती; परंतु अंमलबजावणी कंपनी कायद्याखालील स्वतंत्र कंपनीकडे गेली आणि क्षेत्राधारित विकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला गेला. मत सगळ्या शहराने द्यायचे आणि निर्णय संचालक मंडळाने घ्यायचा, ही रचना मला मान्य नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर तर सहभागी अंदाजपत्रकासारख्या थेट मार्गाची गरज अधिकच वाढली.

तरीही पूर्ण गुण देता येत नाहीत. कामाच्या खर्चाला मर्यादा असल्याने शहराचा मोठा खर्च या अर्जाच्या कक्षेबाहेरच राहतो. शिवाय सूचना नाकारली गेली, तर का नाकारली हे सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहिले गेले पाहिजे. बार्सिलोनाने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘डेसिदिम’ या मंचावर नागरिकांचे प्रस्ताव आणि त्यांवरील पालिकेची उत्तरे खुली असतात. पुण्याने निदान एवढे तरी घ्यावे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. अर्ज करणाऱ्यांनी जागेचे छायाचित्र आणि जवळची ठळक खूण अवश्य द्यावी, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.