चेंबर उतरवू की मशीन लावू?

पिकअप ऑटोमॅटिक असली की कधीतरी मिस्त्री विचारतोच: चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, उतरवून गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर बदलू, की मशीन लावून सगळंच तेल पालटू?

मशीन गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपला जोडतात. जुनं बाहेर, नवं आत, जवळपास सगळं तेल बदलतं. मात्र लिटर जास्त जातात, खिसा तसा हलका होतो, आणि चेंबर न उघडल्याने फिल्टर जुनाच राहतो.

चेंबर उतरवला तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं तेल निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरमध्ये दडून बसतं. ४० टक्के निघालं असं धरा, तर दोनदा केल्यावर ६४ टक्के नवं होतं. पण मला चेंबर आवडतो तो तळाच्या चुंबकांसाठी. बोट फिरवून बघा. राखाडी, लोण्यासारखा लगदा असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण लागले तर नुसत्या तेलाने भागणार नाही. मशीन हे दाखवत नाही.

म्हणून सेकंडहँड गाडी, आधीचा हिशेब माहीत नाही, वर रावेरहून केळी भरून कन्नड घाट चढलेली, असं असेल तर चेंबरच. पाचेकशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तेल काढा. वेळेवर तेल बदलत आलेल्या गाडीला मशीन चालेल, पण आधी फिल्टर टाकून. गाडीला डब्ल्यूएस (टोयोटाचं पातळ गिअरबॉक्स तेल) लिहिलंय तिथे डेक्सरॉन-३ हे जुन्या जातीचं तेल ओतू देऊ नका, एवढं बघाच.

लेव्हल मात्र दोन्हीकडे अवघड. अनेक गाड्यांना डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला, बऱ्याचदा चाळीसेक अंशांना आलं की लेव्हलचा नट उघडायचा आणि जास्तीचं गळू द्यायचं. आता आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंश! माझी गाडी भुसावळच्या एका गॅरेजात भर दुपारी, रस्त्यावरून आल्या आल्या उघडली. तापून फुगलेलं तेल, जास्तीचं समजून गळू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डी टाकला तर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलेना, मग धक्का देऊन निघाली. शेवटी गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली, पहाटे सहाला स्कॅनरवर तापमान बघत लेव्हल केली. पाऊण लिटर कमी होतं.