घरातला वाय-फाय कॅमेरा : चित्र झकास, बोलायचं बटण डोकेदुखी

पाच महिने रोज वापरून लिहितेय, त्यामुळे ‘डबा उघडला, मस्त वाटलं’ छापाचा रिव्ह्यू नाही हा.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली, साठवलेली रजाही संपली. चिऊ सात महिन्यांची झाली होती. दिवसभर सांभाळायला मावशी मिळाल्या, चांगल्या मिळाल्या, तरी तिला सोडून पिंपळे सौदागरहून शिवाजीनगरच्या ऑफिसला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. नवऱ्याने सेलमधून मान फिरवणारा १०८०पी कॅमेरा मागवला. २,१०० रुपये, वर ६४ जीबीचं कार्ड वेगळं.

चित्र खरंच छान. दिव्याशिवाय, इन्फ्रारेडवर काळं-पांढरंच दिसतं, पण चिऊचं पोट वर-खाली होताना मोजता येतं इतकं स्वच्छ. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. आमच्याकडे मागचं पाच-सहा दिवसांचं राहतं. जोडताना मात्र अर्धी रात्र गेली. हा कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय घेतो आणि फोन आमच्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला चिकटलेला. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं दिली तेव्हा कुठे जमलं. वायर इतकी आखूड की कॅमेरा कपाटावर ठेवायचा बेत सोडून पुस्तकांच्या फळीवर ठेवावा लागला.

मावशींना पहिल्याच दिवशी कॅमेरा दाखवला, कुठून कुठपर्यंत दिसतं तेही. लपवून कोणी लावत असेल तर लावू नका, हे माझं स्पष्ट मत. त्या म्हणाल्या, “बरं झालं ताई, उद्या पडली-झडली तर माझ्यावर बालंट नको.”

आता खरी गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नाशिकच्या आजीला चिऊ तीन महिने मिळाली. मिरजेच्या आजीला बारशाचे धरून पंधरा दिवस. हा हिशेब आमच्याकडे कुणी तोंडाने मांडत नाही, पण सासूबाईंच्या प्रत्येक फोनमध्ये तो असतोच. तर आईला बरं वाटावं म्हणून नवऱ्याने काय केलं? ॲपचं लॉगिन आणि पासवर्ड, दोन्ही पाठवून दिलं. तेही घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मला पत्ताच नाही. पंधरा दिवसांनी इचलकरंजीच्या चुलत सासूबाईंचा फोन आला, “काल दुपारी चिऊच्या अंगात होता तो पिवळा फ्रॉक कुठून घेतलास गं?” ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते, माझा मजला आला तरी उतरायचं सुचेना.

बघण्यापर्यंत एक वेळ ठीक. पण या कॅमेऱ्याला माइक आहे तसा स्पीकरही आहे. ॲपमधलं बटण दाबून बोललं की आवाज थेट खोलीत. मेमधली दुपार, पुण्यात घामाच्या धारा, आणि फळीवरून आवाज, “टोपी कुठाय तिची? पंखा बारीक करा. गुटी उगाळली का आज?” चिऊ आवाज कुठून येतोय ते शोधत छताकडे बघायची. त्यात आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचतो. म्हणजे मावशींचं उत्तर मिरजेला जाईपर्यंत मिरजेहून पुढची सूचना निघालेली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ॲप उघडलं तर नुसते हिरवे पट्टे. कॅमेरा बिघडला म्हणून मावशींना फोन केला. “टॉवेल टाकलाय त्याच्यावर. ताई, दोन-दोन मालकिणी मला झेपत नाहीत. एक काय ते ठरवा.”

रात्री कार्डावरचं रेकॉर्डिंग बघितलं. टॉवेलच्या आधी सासूबाई सांगताना ऐकू येतात, “देवघरात मधाची बाटली आहे, बोटभर चाटवा, खोकला पळेल.” मावशी दोनदा म्हणतात, ताईंना विचारते. तिसऱ्यांदा आवाज चढतो आणि टॉवेल येतो. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही हे आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बोट्युलिझम होतो. मावशींना हे नाव माहीत नव्हतं. ताई नाही म्हणाल्यात, एवढं त्यांना पुरलं.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये, टॉवेलच्या तासभर आधी, सासूबाई वीस मिनिटं ‘अडगुलं मडगुलं’ म्हणत होत्या आणि चिऊ पाय आपटून हसत होती. तेही बघितलं. त्यामुळे सकाळी फोन करून भांडायचा माझा बेत जरा ढिला पडला.

आधी पळवाट काढली. ॲपमध्ये प्रायव्हसी मोडचं वेळापत्रक लावता येतं, ठरल्या वेळी भिंग आत वळतं. पण मग मलाही दिसेना, म्हणजे कॅमेरा घेतला कशाला! मिरजेहून विचारणा झाली तर नवरा म्हणाला, “नेट गेलंय आई.” तीन दिवस आमचं नेट गेलेलंच होतं.

चौथ्या दिवशी, रविवारी, मीच फोन लावला. “आई, कॅमेऱ्यातून बोलायचं मी बंद करतेय.”

“म्हणजे आम्ही नातीला बघायचं पण नाही?”

“बघा ना. आणि बोलायचं रोज साडेपाचला, ती झोपून उठली की. मावशींच्या फोनवरून व्हिडिओ कॉल. फक्त मावशींना काय सांगायचं ते मी सांगणार. आणि मध नाही.”

“ह्याला जन्मल्याबरोबर चाटवला होता. काय झालं त्याला?”

काय झालं त्याची यादी माझ्याकडे होती, पण ती वेगळी. गप्प बसले. पुढचे नऊ दिवस मिरजेचा फोन फक्त मुलाला यायचा.

सेटिंगचं सांगते, कारण निम्म्या घरांत हीच चूक होत असणार. स्वतःचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, नवऱ्याच्या आईला तर नाहीच. पासवर्ड बदला, बाकीच्या सगळ्या फोनवरून लॉगआउट करा, ओटीपीचं दुहेरी कुलूप लावा. मग समोरच्याला स्वतःचं खातं उघडायला सांगून ‘शेअर’मधून जोडा. माझ्या मॉडेलमध्ये तिथे तीन टिकमार्क येतात : लाइव्ह बघणं, बोलणं, जुनं रेकॉर्डिंग. मी पहिलाच ठेवला, तोही मावशींना विचारून. त्या म्हणाल्या, “बघू देत की. बोलू नकोत.” इचलकरंजीला जोडलं नाही.

वेळेची मर्यादा मात्र कुठेच नाही. अमक्याला पाच ते सहा एवढंच दिसावं, असं करता येत नाही. सगळा दिवस नाही तर काहीच नाही. कॅमेरा बनवणाऱ्यांच्या घरी आज्या नसाव्यात.

सासूबाई गेल्या आठवड्यात चार दिवस राहून गेल्या. पहिल्याच संध्याकाळी फळीसमोर उभ्या राहून पदर सारखा करत विचारलं, “यातून मी तिला कशी दिसायचे गं?”

“दिसायचा नाहीत, आई. नुसता आवाज यायचा.”

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. “अगंबाई. मला वाटलं ती मला बघून हसते.” मग तो परत ठेवला, भिंतीकडे तोंड करून. चार दिवस तो तसाच होता आणि मीही वळवला नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा आखूड वायरचा कापला, एक वेळेची सोय नाही म्हणून. घेणार असाल तर तीन मीटरची वायर सोबतच मागवा.