सापडलेली लिंक टाकायची कुठे? ग्रुप, चॅनेल, टपाल की ब्लॉग

जुन्या मासिकातल्या जाहिरातींचे स्कॅन, बंद पडलेल्या वॉकमनची पूर्ण खोलून दाखवलेली यंत्रणा, दूरदर्शनच्या जुन्या मुलाखतीचा यूट्यूबवर आलेला तुकडा, कुठल्याशा व्हिडिओ गेमच्या संगीतावरचा लांबलचक लेख. असलं काही हुडकायचा नाद असलेले लोक मुंबईत पुष्कळ आहेत. नाद वाढला की घरच्या ग्रुपवर कोणी दाद देत नाही, मग आपलं वेगळं काहीतरी काढावंसं वाटतं. तिथे गोंधळ होतो, कारण सगळ्या सोयी वरवर सारख्याच दिसतात: लिंक चिकटवा, दोन ओळी लिहा, पाठवा.

फरक पुढे कळतो. सहा महिन्यांनी कोणी "ती वॉकमनची लिंक कुठे होती?" विचारलं तर ती सापडते का? आणि उद्या ते ॲप सोडावं लागलं तर वाचक तुमच्याबरोबर येतात का, की तिथेच राहतात? हे दोन प्रश्न लावून पर्याय पाहिले की निवड बरीच सोपी होते.

व्हॉट्सॲप ग्रुप

सुरुवातीला याच्याइतकं सोपं काही नाही. सगळ्यांकडे ॲप आहे, कोणाला काही शिकवावं लागत नाही आणि लिंक पडल्यापासून पाच मिनिटांत कोणीतरी "अरे, हा माझ्या काकांकडे होता" म्हणून फोटो टाकतो. चर्चेसाठी ग्रुपला तोड नाही. ओळखीचे तीस-चाळीस जण असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ग्रुपच काढा.

अनोळखी लोक आले की अडचणी सुरू होतात. मर्यादा १०२४ सदस्यांची आहे, पण ग्रुप त्याच्या खूप आधी बिघडतो. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यामुळे मुलींना खासगी मेसेज येऊ लागतात आणि सगळ्यांनाच विरारच्या वन बीएचकेचे. शिवाय बोलका ग्रुप लिंक गिळतो. सकाळी टाकलेली चांगली गोष्ट संध्याकाळच्या लोकलपर्यंत दोनशे मेसेजखाली गेलेली असते. ग्रुपच्या माहितीत मीडिया, लिंक आणि डॉक्युमेंटचं पान असतं, तिथे जुन्या लिंक दिसतात, पण विषयानुसार लावता येत नाहीत. शोधायला जावं तर मराठीत एकाने 'चित्रपट' लिहिलेलं असतं, दुसऱ्याने 'सिनेमा', तिसऱ्याने 'पिक्चर', आणि चौथ्याने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलेलं. एका शब्दावर सगळं सापडत नाही.

फॉरवर्डचे नियमही ध्यानात घ्या. २०१८ पासून भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि बरेचदा फिरून दोन बाणांची खूण लागलेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी. दोन बाण दिसले की बरेच लोक न उघडताच पुढे सरकतात. म्हणून दुसरीकडून आलेली चीज तशीच पुढे ढकलू नका. मूळ पान उघडा, तिथली लिंक घ्या आणि आपल्या दोन ओळींसह नव्याने टाका.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात त्याबद्दल थोडं. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर ॲडमिनचा त्यात सामाईक हेतू असल्याशिवाय केवळ ॲडमिन म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' ही सोय रात्री अकरानंतर लावून ठेवावी. वाद बहुधा तेव्हाच पेटतात.

व्हॉट्सॲप चॅनेल

सप्टेंबर २०२३ मध्ये ही सोय भारतात आली. नंबर लपलेले राहतात, वाचकसंख्येची चिंता नाही आणि फॉलो करायला एक टॅप पुरतो. पण मजकूर 'अपडेट्स'च्या वेगळ्या टॅबमध्ये, लोकांच्या स्टेटसच्या शेजारी पडतो आणि नोटिफिकेशन सुरुवातीपासून बंदच असतात. वाचकाने मुद्दाम घंटा चालू केली नाही, तर तुम्ही काही टाकलंय हे त्याला कळतही नाही. उत्तर म्हणून इमोजी द्यायचा. फॉलो करणाऱ्यांची यादी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ही सोय आणली तेव्हा कंपनीने सर्व्हरवर मजकूर ३० दिवस ठेवू असं सांगितलं होतं, तेव्हा संग्रह म्हणून यावर विसंबू नये. "नवा अंक आलाय, इथे वाचा" एवढी दवंडी पिटायला मात्र चॅनेल चांगलं.

टेलिग्राम चॅनेल

निव्वळ सोयींच्या हिशेबात हे व्हॉट्सॲपच्या बरंच पुढे आहे. सदस्यांना मर्यादा नाही, २ जीबीपर्यंतची फाइल फुकटात चढते, पोस्ट वेळ लावून ठेवता येते, आणि आज आलेल्या वाचकालाही पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं. चॅनेल सार्वजनिक ठेवलं तर ॲप नसलेल्या माणसालाही ते ब्राउझरमध्ये वाचता येतं. चर्चा हवी असेल तर चॅनेलला एक ग्रुप जोडा, प्रत्येक पोस्टखाली प्रतिक्रियांची जागा उघडते. हॅशटॅगवर शोध चालतो. पाच-सहाच टॅग ठरवा, रोमन लिपीत, आणि ते बदलू नका. टॅग वाढत गेले की त्यांचा उपयोग संपतो.

एक मर्यादा सुरुवातीलाच माहीत असावी. नुसता मजकूर ४०९६ अक्षरांपर्यंत चालतो, पण फोटोखालची ओळ फुकट खात्यात १०२४ अक्षरांवर तुटते. मराठीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजला जातो, त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे शब्दांत गाडी थांबते. लांब टिपण असेल तर फोटो चिकटवू नका, लिंकचाच प्रिव्ह्यू (खाली आपोआप येणारी चित्र-शीर्षकाची चौकट) येऊ द्या. प्रिव्ह्यूत जुनं चित्र अडकलं असेल तर टेलिग्रामच्या वेबपेजबॉट या आपोआप चालणाऱ्या खात्याला ती लिंक पाठवा, तो नवं आणतो.

अडचण आहे ती माणसांची आणि प्रतिमेची. आपल्याकडे टेलिग्राम म्हटलं की "पिक्चर डाउनलोड करायचं ॲप" हीच ओळख आहे. मावशीला सांगितलंत की "टेलिग्रामवर या", तर ती मुलाला विचारेल आणि मुलगा हसेल. हसू बाजूला ठेवलं तरी सिनेमाच्या किंवा पुस्तकाच्या फाइल चढवणं खरोखरच धोक्याचं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका कॉपीराइट प्रकरणात अशा चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता. नंबर लपलेला आहे म्हणजे तुम्ही लपलेले आहात असं नाही. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. जुना म्हणून फुकटचा, असं धरून चालू नका. फाइल नको, ती जिथे अधिकृतपणे आहे तिथली लिंक द्या.

ईमेलचं टपाल

आठवड्याला सात-आठ लिंक, प्रत्येकीवर चाळीस-पन्नास शब्द, शनिवारी सकाळी पाठवलेलं पत्र. ऐकायला जुनाट वाटतं, पण वाचकांची यादी खऱ्या अर्थाने हातात राहते ती इथेच. सबस्टॅक असो किंवा बटनडाउन, अशी पत्रं पाठवणाऱ्या सेवांतून ईमेल पत्त्यांची यादी साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि दुसऱ्या सेवेत चढवता येते. प्रत्येक अंकाचं वेबवर पान राहतं, म्हणजे संग्रहही आपोआप तयार होतो. आणखी एक मुंबईतला फायदा: ॲपमध्ये आधीच उतरलेलं पत्र भुयारी मेट्रोत रेंज गेली तरी वाचता येतं. लिंक बाहेर आल्यावर उघडतात, पण तुमचं टिपण तोवर वाचून झालेलं असतं. म्हणून टिपण असं लिहावं की लिंक न उघडताही काहीतरी हाती लागेल.

तांत्रिक खाचखळगे इथेच जास्त आहेत. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं आणि खाली 'पूर्ण मेसेज पाहा' अशी ओळ ठेवते. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं तीन. दीड हजार शब्दांचं मराठी पत्र नुसत्या मजकुरातच ३० केबीच्या आसपास जातं. वर सजावटीचा कोड, आणि क्लिक मोजण्यासाठी सेवा प्रत्येक लिंकला जोडते ती लांबण. वीस लिंकांचा अंक सहज कापला जातो, आणि कापला गेला की तळाची 'नाव कमी करा' ही ओळही गायब होते. तेव्हा संतापलेला वाचक थेट स्पॅमचं बटण दाबतो. क्लिक मोजणं बंद करण्याची सोय असेल तर बंद करा, लिंक दहाच्या आत ठेवा, आणि वर्डमधून मजकूर थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत अदृश्य कचरा येतो.

आपल्या जीमेलमधून बीसीसी करून, म्हणजे वाचकांना एकमेकांचे पत्ते न दिसता, पाठवणं पहिल्या दहा-वीस वाचकांपुरतं ठीक. साध्या खात्याची मर्यादा दिवसाला ५०० पत्त्यांची आहे, आणि एकदा चुकून सीसीमध्ये टाकलंत की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात.

पहिल्या पत्रात वाचकाला काहीतरी विचारा आणि उत्तर पाठवायला सांगा. उत्तर आलं की पुढची पत्रं जीमेलच्या 'प्रमोशन्स' या जाहिरातींच्या टॅबमध्ये जाण्याची शक्यता कमी होते. पैशांचं म्हणाल तर सबस्टॅक फुकट आहे, सशुल्क वर्गणीतून १० टक्के घेतं. पण ती वर्गणी स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेमार्फत येते आणि भारतात स्ट्राइपचं नवं खातं मिळणं अवघड झालं आहे. सशुल्क मराठी पत्राचं स्वप्न असेल तर ही गोष्ट आधी तपासा, नाव आणि लोगो नंतर.

टपालात नसते ती गंमत. उत्तरं एकेकट्याने तुमच्याकडे येतात, वाचक एकमेकांशी बोलत नाहीत. ज्यांना अड्डा हवा आहे त्यांना हे कोरडं वाटेल.

ब्लॉग

शोधून सापडण्यात ब्लॉगच अव्वल. गूगलवरून तीन वर्षांनी कोणी येऊन वाचेल, ही शक्यता बाकी ठिकाणी बरीच कमी. गूगलची ब्लॉगर ही सेवा फुकट आहे, संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घेता येते, आणि आरएसएस फीड (नव्या पोस्ट वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) तयारच असते. फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाल्यापासून फीड वाचणारे थोडे उरले, पण जे उरले ते पक्के वाचक असतात.

मराठीत शीर्षक दिलं की पोस्टच्या वेबवरच्या पत्त्याचा घोळ होतो. ब्लॉगर देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवत नाही. सगळ्या पोस्ट 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा अशाच होतात. वर्डप्रेस ही दुसरी ब्लॉगसेवा बनवते, पण देवनागरीच्या एका अक्षराचे नऊ चिन्हांत रूपांतर करून, आणि जागा २०० चिन्हांची. म्हणजे बाविसाव्या अक्षराला पत्ता तुटतो. दोन्हीकडे उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा कायमचा पत्ता, रोमन लिपीत स्वतः लिहा. नंतर बदललात तर वाटलेल्या सगळ्या लिंक मरतात.

ब्लॉगचा खरा तोटा हा की वाचक आपणहून येत नाही. त्याला दर वेळी बोलवावं लागतं.

इन्स्टाग्रामचा विचार करत असाल तर एवढंच: पोस्टखालच्या मजकुरात लिंक दाबली जात नाही आणि स्टोरी २४ तासांत जाते. चित्रं दाखवायला ठीक, लिंक वाटायला नाही.

मग घ्यायचं काय?

कॉलेजचा फिल्म क्लब किंवा ऑफिसातले दहा गेमवेडे असतील तर व्हॉट्सॲप ग्रुप, आणि महिन्यातून एकदा निवडक लिंकांची एक डॉक्युमेंट फाइल. तंत्रज्ञानाचे बारकावे वाचणारे, ॲपची भीती नसलेले लोक असतील तर टेलिग्राम. वाचक अनोळखी असतील, वेगवेगळ्या वयाचे असतील, आणि वर्षभर टिकायचं असेल तर ईमेलचं टपाल, त्याची दवंडी व्हॉट्सॲप चॅनेलवर. आमचा कल याच जोडीकडे आहे. ब्लॉग तेव्हाच काढा, जेव्हा एकेका गोष्टीवर पाचशे शब्द लिहायची तयारी असेल. दोन ओळींच्या पोस्टला गूगल विचारत नाही.

काहीही निवडलंत तरी लिंक पाठवण्याआधी तिची थोडी साफसफाई करा. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम 'शेअर' केल्यावर पत्त्याच्या शेपटीला पाठवणाऱ्याचा माग ठेवणारा भाग जोडतात. यूट्यूबवर प्रश्नचिन्हानंतरचा 'एसआय'चा आणि इन्स्टाग्रामवर 'आयजीएसएच'चा भाग काढून टाकला तरी लिंक चालते. लांब व्हिडिओत नेमका क्षण दाखवायचा असेल तर पत्त्याला 'टी' (t=) आणि सेकंद जोडा. मराठी विकिपीडियाची लिंक चिकटवली की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते. विकिमीडियाची स्वतःची लघुदुवा सेवा आहे, ती वापरा. बाकी छोट्या लिंक करणाऱ्या सेवा टाळा. सेवा बंद पडली की त्यातून केलेल्या लिंक एका दमात मरू शकतात. व्हॉट्सॲपमध्ये लिंक चिकटवल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. प्रिव्ह्यू तुमच्याच फोनवर तयार होतो, घाई केली तर नुसती निळी ओळ जाते.

आणि पाठवण्याआधी ते पान वेबवरची पानं जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' करून ठेवा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ मधली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथल्या सगळ्या लिंक भारतातल्या वाचकांसाठी एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. व्हिडिओ वेबॅकमध्ये नेहमी जतन होत नाही, म्हणून व्हिडिओच्या लिंकखाली तो कशाचा आहे, कोणी आणि कधी टाकला हे तीन तपशील नेहमी लिहा. लिंक मेली तरी तेवढ्यावरून तो दुसरीकडे शोधता येतो.