एलएलपी का प्रायव्हेट लिमिटेड? संभाजीनगर-लातूरकडच्या पोरांसाठी

लै जण विचारायलेत म्हणून लिहितो. पहिलं सांगतो, नुसती प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या नावावरचा धंदा) असेल तर केंद्राची स्टार्टअप मान्यता मिळतच नाही, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेड (शेअर असलेली खाजगी कंपनी) दोघांनाही मिळते, आणि पात्र ठरलात तर पहिल्या 10 वर्षांतली सलग 3 वर्षं नफ्यावर इन्कम टॅक्स माफ, तेही दोघांना.

एलएलपी स्वस्त पडते. उलाढाल 40 लाखांच्या आत आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याचं ऑडिटच नाही, 30 मेपर्यंत फॉर्म 11 (वार्षिक विवरण) अन् 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8 (हिशोब) भरला की झालं. प्रायव्हेट लिमिटेडला मात्र एक रुपयाचा धंदा नसला तरी ऑडिट लागतं, आणि वार्षिक फॉर्म चुकला तर दिवसाला 100 रुपये दंड, एकेका फॉर्मला, हे कुणी आधी सांगत नाही बघा.

पण पैसा बाहेरून आणायचा असेल तर एलएलपीत शेअरच नसतात, मग गुंतवणूकदाराला देणार काय? चांगला कोडर पुण्याला जाऊ नये म्हणून त्याला ईसॉप (ठरल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. त्यात 2024 च्या बजेटनं एंजल टॅक्स काढून टाकला, म्हणजे शेअर वाजवीपेक्षा जास्त भावानं विकले म्हणून कंपनीला लागणारा तो कर अन् त्याची जुनी भीती गेली.

हळद-सोयाबीनवर प्रक्रिया, घरचंच भांडवल, असं असेल तर माझं मत एलएलपी. ॲप काढून फंडिंग मागणार असाल तर पहिल्या दिवसापासून प्रायव्हेट लिमिटेडच करा, नंतर बदलायचा खर्च अन् कागदपत्रं लै त्रास देतात.