प्लॉटवर तयार घर की चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं)?

गोव्यात पेडण्यातल्या प्लॉटवर कारखान्यातून तयार घर आणून ठेवावं का, असं भाचा विचारतोय. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, तेवढ्यावरून दोन तट पडलेत. "वाड्याची शोभा जाईल" हे मी धरत नाही. स्लॅबवरचे निळे पत्रे कुठे शोभतात!

परवान्यात सूट नाही. "हलवता येतं, मग परवाना कशाला" या विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नका, आधी पंचायतीत विचारा.

वेळेत तयार घर पुढे. पाया झाला की काही दिवसांत उभं. मात्र ट्रेलर आणि क्रेन पाणंदीतून वळतील का, ते आधी मोजून घ्या. चिऱ्याचं काम पावसात अडतं.

खरा प्रश्न टिकण्याचा. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, वर खारा वारा. तयार घराला गंज आधी स्क्रूच्या डोक्याभोवती आणि पत्र्याच्या जोडावर धरतो. रंग, सीलंट मागेच लागतात. चिरा ओल धरतो खरा, पण जोतं उंच, पाखी (छपराची पुढे आलेली कड) लांब असली की पिढ्या काढतो.

भाडेपट्ट्याची जागा किंवा चार-पाच वर्षांची सोय असेल तर तयार घर घ्या. वडिलोपार्जित जागेत कायमचं राहायचं असेल तर चिराच, थोडं थांबावं लागलं तरी.