इमर्जन्सी किट: आठ महिने पाठीवर वागवल्यावर

जुलैत ऑनलाइन एक रेडिमेड सर्व्हायव्हल किट मागवलं होतं, नऊशेच्या आसपास पडलं. डब्यावर बंदूक घेतलेला शिकारी आणि मागे पाइनचं जंगल. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि मी जाणार सह्याद्रीत ट्रेकला, पण रिव्ह्यू भारी होते म्हणून घेतलं. आता फेब्रुवारी संपत आला, मधे बारा-तेरा ट्रेक झाले आणि त्या डब्यातलं फक्त एकच सामान अजून माझ्याकडे आहे.

आधी भंगार काय निघालं ते सांगतो. वायरची करवत वाळक्या फांदीवर तिसऱ्या ओढीला तुटली. मासे पकडायचे गळ होते, ते हरिश्चंद्रगडावर कुठे टाकू? ब्रेसलेटमधला होकायंत्राचा काटा पहिल्याच पावसात पाणी शिरून अडकला, तेव्हापासून त्याच्यासाठी सगळीकडे उत्तरच. सापाचं विष ओढायचा रबरी पंप होता, तो मात्र तुमच्या किटमध्ये असेल तर आजच फेका. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय हलू न देता माणसाला उचलून हॉस्पिटल गाठायचं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस तिथेच मिळते.

राहिली ती शिट्टी. तीही खरी कामाला आली ती खिरेश्वरहून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलो तेव्हा. रेलिंगचा कातळटप्पा संपला की देवळापर्यंत टेकड्याच टेकड्या आहेत आणि जुलैत तिथे असं धुकं उतरतं की दगडावरचे बाण पण दिसत नाहीत. मित्राचा पाय मुरगळला, आम्ही दोघं मागे पडलो, बाकीचे पुढे, आणि गंमत म्हणजे किट पुढे गेलेल्यांच्या सॅकमध्ये कारण माझी सॅक जड झाली होती म्हणून मीच ते तिकडे दिलेलं. माझ्याकडे काय, तर गळ्यातली शिट्टी आणि खिशात घडी केलेलं सिल्व्हर ब्लँकेट. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प बसून ऐकायचं, परत सहा. हाका मारून घसा बसला होता, वाऱ्यात आवाज पोचतच नव्हता. पाऊण तासाने खालच्या अंगाने तीन शिट्ट्या ऐकू आल्या, म्हणजे आम्ही भलत्याच टेकडीवर बसलो होतो.

ब्लँकेटबद्दल. वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम, आवाज कुरकुऱ्याच्या पाकिटासारखा, आणि एकदा उघडलं की मूळ घडीत परत जात नाही, दोन ठिकाणी फाटलंपण. तरी पाचपैकी साडेचार. फक्त ते ऊब तयार करत नाही, अंगातली आहे ती धरून ठेवतं, त्यामुळे ओला टीशर्ट आधी काढा आणि खाली रिकामी सॅक घालून बसा, ओला कातळ ऊब खेचून घेतो. मित्राचे दात वाजायचे थांबले ते खाली सॅक सरकवल्यावर.

त्यानंतर डबा गेला आणि कमरेचा साधा पाउच आला. त्यात लायटर, क्रेप बँडेज, सिट्रिझिन, बेटाडाइन, ओआरएसची दोन पाकिटं (एक लिटरवाली, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू नका) आणि छोटा हेडटॉर्च. टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवतो, नाहीतर बटण दाबलं जाऊन ऐन अंधारात मेलेला निघतो, एकदा राजगड उतरताना झालंय.

ओली चूल पेटवायला फिल्मच्या जुन्या डबीत कापूर पण भरलेला. आई म्हणाली, देवळात चाललायस का जंगलात? डिसेंबरमध्ये डबी उघडली तर आत नुसता वास. झाकण सैल होतं, सगळा उडून गेला. आता सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवलेत, ते भिजले तरी पेटतात. अर्थात हरिश्चंद्रगड, रतनगड हा पट्टा कळसुबाई अभयारण्यात येतो, तिथे हौस म्हणून शेकोटी नाही, ट्यूब अगदीच जीवावर बेतलं तर.

मोबाइलचं काय, असं विचारतात. ११२ लागतो पण नेटवर्क असेल तर, आणि दरीत ते नसतं. मी निघताना कोणती वाट आणि किती वाजेपर्यंत परत एवढं भावाला मेसेज करतो, पायथ्याच्या गावात जिथे चहा घेतो तिथेही सांगून ठेवतो. फोन एअरप्लेन मोडवर, पॉवर बँक झिपलॉकमध्ये.

उन्हाळ्यासाठी पाउचला एक जुनी सुती ओढणी गुंडाळलीय, आग्या मोहोळ उठलं तर डोकं-तोंड झाकून तिथून निघायला. अजून वापरायची वेळ आली नाही त्यामुळे तिला रेटिंग देत नाही.