फ्रॉम द अर्थ टू द मून : वर्गणीचा हिशोब चोख, बाइंडिंग रद्दी, गोष्ट अर्धीच

ज्यूल्स व्हर्नचं हे पुस्तक स्वस्तात पेपरबॅक मिळतंय म्हणून ऑनलाइन मागवलेलं, त्याला बरेच महिने झाले. तेव्हा रागात दोन स्टार दिलेले, आता चार करतोय. पण ते व्हर्नला, सेलरला अजूनही शून्यच.

आधी राग काय ते सांगतो. लिस्टिंगवर ठळक अक्षरात ‘संपूर्ण’ लिहिलेलं. तोफेतून चंद्रावर जायची गोष्ट सगळ्यांना माहितीये, ती परत सांगत बसत नाही, पण एकूण २८ प्रकरणं, त्यात तोफ उडते २६व्यात, आणि २८व्यात कळतं की गोळा चंद्रावर पोचलाच नाही, त्याच्याभोवती फिरत बसलाय, आतल्या तिघांचं (तोफवाल्यांच्या गन क्लबचा अध्यक्ष बार्बिकेन, त्याचा विरोधक कॅप्टन निकोल आणि फ्रेंच माणूस आर्दां) काय झालं देव जाणे, आणि पुढे कोरं पान! कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे सर पुस्तक एवढंच आहे आणि रिटर्नची मुदत पण संपली. आता १८६५ चा पहिला भाग इथेच संपतो हे खरंय, दुसरा भाग १८७० चा, वेगळा. पण मग ‘संपूर्ण’ कशाला छापता? त्यात बाइंडिंग असं की पुढचं पान उघडलं की मागचं हातात येतं.

सगळ्यात आधी सुटं झालं ते १२वं प्रकरण, आणि त्याला मीच जबाबदार, कारण तेच सारखं उघडत होतो. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार, गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरलेला माणूस, त्यामुळे हे प्रकरण म्हणजे माझ्यासाठी मेजवानी. बाल्टिमोरच्या गन क्लबने चंद्रासाठी अख्ख्या जगाकडून वर्गणी काढली, कुठल्या देशाने किती दिले त्याची यादी. एकट्या अमेरिकेने तीन दिवसांत ४० लाख डॉलर. हॉलंड म्हणतं आम्ही रोख देतोय, पाच टक्के सूट द्या. स्वित्झर्लंडने दिले २५७ फ्रँक, कारण यात धंदा काय ते त्यांना दिसेना. स्पेनने ११० रियाल, वर कारण काय तर आमची रेल्वे पूर्ण व्हायचीये. आणि इंग्लंडने दमडी दिली नाही, तत्त्वाचं कारण देऊन! हे सगळे नमुने आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. एकूण जमा ५४,४६,६७५ डॉलर. शेवटचे ७५ सुद्धा लिहिलेत, याला म्हणतात हिशोब.

पुढे फ्लोरिडात टँपाजवळ ९०० फुटांची तोफ ओतून झाली, तर ती बघायला येणाऱ्यांना पाच डॉलर घेऊन आत तळापर्यंत सोडायचे, त्यातून जवळपास पाच लाख डॉलर सुटले. कॅप्टन निकोलने बार्बिकेनशी लावलेल्या पाच पैजाही अशाच, १,००० पासून ५,००० पर्यंत चढत्या, पैसे जमणार नाहीत, तोफ ओतता येणार नाही, भरता येणार नाही, फुटेल, आणि गोळा सहा मैलांच्या वर जाणार नाही.

शास्त्राचं म्हणाल तर तिथे झोल आहे. सेकंदाला १२,००० यार्ड हा वेग नळीतल्या साधारण सातशे फुटात गाठायचा म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी दोन हजार टन होणार, खाली पाण्याची गादी ठेवून काय उपयोग, तिघांची चटणीच. पण फ्लोरिडा, डिसेंबर महिना, तिघं जण, परत येताना पॅसिफिकमध्ये पडणं (हे दुसऱ्या भागात), हे सगळं १९६८ च्या अपोलो ८ या चंद्रमोहिमेला जुळलं, तिथे सलाम.

तरी मी दोन स्टारवरच होतो, कारण परत कसं यायचं याचा खर्च यादीत कुठेच नाही (आर्दां तर सरळ म्हणतो मी परत येणारच नाही, असा माणूस आमच्या कमिटीत नको). मग चिडून दुसरा भाग शोधला. व्हर्न १९०५ साली गेला, कॉपीराइट कधीच संपला, जुनं इंग्रजी भाषांतर मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर, म्हणजे पहिल्याचे पण पैसे वाचले असते, असो. तर या दुसऱ्या भागात, गोळा नुकताच पृथ्वीवरून सुटलाय, जिवंत आहोत की नाही याचीच आत्ता खात्री झालीये, आणि निकोल काय करतो? शेवटच्या दोन पैजांचे ९,००० डॉलर तिथेच काढून बार्बिकेनला देतो आणि म्हणतो पावती द्या. आणि बार्बिकेन वहीचं पान फाडून, तारीख टाकून, सही करून रीतसर पावती देतो! आर्दां बिचारा टोपी काढून दोघांना वाकून नमस्कार करतो, बोलायला शब्दच नाहीत. मी रात्री एकटाच मोठ्याने हसलो. इथेच दोन स्टार वाढले.

शेवट पण पैशावरच आहे. परत आल्यावर ग्रहांवर जा-ये करायची कंपनी काढतात, भांडवल दहा कोटी डॉलर, हजार डॉलरचा एक असे एक लाख शेअर, आणि कंपनी बुडाली तर दिवाळखोरी बघायला न्यायाधीश आधीच नेमून ठेवलेले.

घेणार असाल तर अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. २८व्या प्रकरणाला संपत असेल तर घेऊ नका, दोन्ही भाग एकत्र असलेली शिवलेल्या बाइंडिंगची प्रत बघा, थोडे जास्त गेले तरी चालतील. माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ दाखवतेय.